पदवीधराचे मत



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी निवडणुकीचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु नोकरी-व्यवसायानिमित्त जबलपुरास येऊन स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांची खरी पुंजी म्हणजे शिक्षण. तेव्हा शिकलेल्या माणसाच्या मताचे मोल काय, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

१९१९ च्या कायद्यानुसार प्रांतिक कायदेमंडळांत विद्यापीठांसाठी स्वतंत्र जागा होत्या. ही प्रथा मूळची विलायतेची. तेथे पदवीधराला राहत्या ठिकाणाचे एक मत आणि विद्यापीठाचे दुसरे. पदवीधर अधिक विवेकाने मत देतो, अशी त्यामागील समजूत.

जानेवारी १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या चार विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. उमेदवार होते रॅम्से मॅक्डोनल्ड. ज्यांच्या १९३२ च्या जातीय निवाड्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्यास उपोषण केले, तेच हे गृहस्थ. सीहॅमच्या खाणकामगारांनी दोनच महिन्यांपूर्वी त्यांना पराभूत केले होते. मंत्रिपदावर राहावयाचे तर पार्लमेंटात जागा हवी. ती पदवीधरांनी दिली. नवल असे की, मॅक्डोनल्ड स्वतः पदवी घेण्याइतके शिकू शकले नव्हते.

आता आपल्याकडील उदाहरण पाहा. १९२३ साली मुंबई विद्यापीठाच्या जागेसाठी रँग्लर परांजपे उभे होते. १८९९ चे सीनियर रँग्लर, फर्ग्युसनचे प्राचार्य, प्रांताचे शिक्षणमंत्री. प्राथमिक शिक्षणाचा कायदाही त्याच वर्षी त्यांच्याच कारकीर्दीत झाला. विरुद्ध होते स्वराज्य पक्षाचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पदवीधरांनी जयकरांना निवडून दिले.

परांजप्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. पराभव झाला तो सरकारशी सहकार्य करण्याच्या त्यांच्या मार्गाचा. शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या पुरुषाला शिकलेल्यांनीच दूर सारावे, हे मला आजही बोचते. तथापि त्या मतदारांनी व्यक्तीची थोरवी आणि देशाचा मार्ग यांत निवड केली, हेही मान्य केले पाहिजे. विलायतेत पदवीधरांनी मंत्र्याला आसरा दिला. आपल्याकडे त्यांनी मंत्र्याला घरी बसविले. म्हणजे पदवी कोणते मत द्यावे हे सांगत नाही. ते आपले आपणच ठरवावे लागते.

विलायतेने १९४८ च्या कायद्याने ही दुहेरी मताची पद्धत मोडीत काढली. आपल्या राज्यघटनेने विधानपरिषदेत पदवीधरांच्या जागा ठेवल्या. नागपूरचा आपला पदवीधर आप्त आजही ते मत देतो. आपण मात्र देत नाही, कारण मध्य प्रदेशास विधानपरिषद नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपलीही राजधानी होती, आणि येथील रॉबर्टसन कॉलेज एके काळी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते. म्हणून ही उणीव कित्येकांच्या मनात सलते.

मला ती सलत नाही. आपल्या हाती एकच मत आहे आणि ते या नगरीचे आहे. महाराष्ट्रातील निवडणुकांची चर्चा आपण रात्ररात्र करतो, पण आपल्या वॉर्डातून कोण उभे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. पन्नास वर्षे जिने आपल्याला सांभाळले, तिच्या कारभाराकडे शिकलेल्यांनी पाठ फिरवू नये, एवढीच माझी विनंती.