भाकरीचे कार्ड
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आपण बहुतेक जण नोकरीच्या निमित्ताने या गावी आलो. म्हणून हुकूमशाहीवर बोलताना मी लढाया बाजूला ठेवतो आणि मुसोलिनीच्या इटलीतील नोकरदार माणसाविषयी बोलतो.

मुसोलिनी १९२२ साली पंतप्रधान झाला. निवडणुकीतील दांडगाईबद्दल संसदेत जाब विचारणाऱ्या मात्तेओत्ती या खासदाराचा १९२४ साली खून झाला. १९२६ साली बाकीचे पक्ष बंद केले गेले. उरला एकच पक्ष. पुढे सरकारी नोकरीसाठी त्याचे सभासदत्व लागू लागले. त्या सभासदपत्राला लोक ‘भाकरीचे कार्ड’ म्हणत. पक्षाच्या नावाची आद्याक्षरे पी. एन. एफ. लोक हळूच सांगत, याचा अर्थ ‘कुटुंबाच्या गरजेपोटी’! इटालियन भाषेत या शब्दांची आद्याक्षरेही तीच येतात.

१९३१ साली प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घालण्यात आली. प्राध्यापक सुमारे १२००. नकार दिला जेमतेम डझनभरांनी. रोमचे गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा त्यांपैकी एक. त्यांचे पद गेले. त्यांचे सहकारी लेव्ही-चिव्हिता यांनी शपथ घेतली. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाला उपयोगी पडलेले गणित उभारण्यात यांचा मोठा वाटा. शपथ घेणारे सगळेच काही फॅसिस्ट नव्हते. आपण गेलो तर वर्गात त्यांचाच माणूस येईल, असेही कित्येकांना वाटले.

१९३८ साली ज्यूंविरुद्ध कायदे झाले. ज्यू शिक्षक आणि मुले शाळा-विद्यापीठांतून काढली गेली. लेव्ही-चिव्हिताही ज्यूच. सात वर्षांपूर्वीची शपथ त्यांच्या कामी आली नाही. रिकाम्या जागांवर दुसरे प्राध्यापक रुजू झाले.

जुलै १९४३ मध्ये मुसोलिनीला पदच्युत करून अटक झाली, तेव्हा लोकांनी पक्षाचे बिल्ले रस्त्यात फेकून दिले. म्हणजे निष्ठा अनेकांची कोटावरच होती.

मीही आयुष्यभर पगारावर संसार केला. त्यामुळे सही करणाऱ्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण मला वाटते, नकार देणारे बारांऐवजी तीनशे असते, तर एवढ्या जागा एका रात्रीत भरणे सरकारला जड गेले असते. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून एकट्याने विचार केला, हेच राजवटीच्या पथ्यावर पडले. अशा वेळी शेजारच्या टेबलावरील माणसाशी आधी बोलावे, इतकेच मला सुचवायचे आहे.