चूल नसलेल्यांचा सण

रमजानचा बाजार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचा मोहम्मद अली रोड उभा राहतो. मिनारा मशिदीची रोषणाई, परातीएवढ्या कढईत फुलणारे मालपुवे, मातीच्या सकोऱ्यातली फिरनी. हल्ली तिथे रोजा धरणाऱ्यांपेक्षा न धरणारेच जास्त दिसतात. लोक लांबून येतात, फोटो काढतात, खातात, खूश होऊन जातात. त्यात वाईट काहीच नाही. पण मी आज ज्या बाजाराबद्दल बोलणार आहे, तो तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे आणि तिथे कोणीही पाहुणा म्हणून येत नाही. तो भिवंडीचा बाजार.

भिवंडी हे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेलं असतं ते दोन-तीन कारणांनी. एक यंत्रमाग. दुसरं, १९७० आणि १९८४ च्या दंगली. अलीकडे नाशिक महामार्गालगतची गोदामं. १९९२-९३ साली मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, मोहल्ला समित्यांनी गल्लीगल्लीत माणसं एकत्र बसवून ठेवली, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. असो. गावाची ओळख आपल्या हातात नसते. पण एखादं गाव समजून घ्यायचं असेल, तर ते सणाच्या आदल्या दिवशी काय विकत घेतं हे पाहावं, असं माझं मत आहे.

आम्ही इथले जुने. कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोलायची, बाहेर मराठी, मशिदीत उर्दू. मी पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविताही मराठीतच लिहू लागलो, त्याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. आमच्यानंतर उत्तरेतून विणकर आले. १८५७ च्या उठावानंतर आझमगड, मऊ, बनारसकडची मोमीन-अन्सारी मंडळी हातमागाचं कसब घेऊन महाराष्ट्रात उतरली. त्यातली काही मालेगावात राहिली, काही इथे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. त्यांचं पद्मानगर आजही तेलुगू बोलतं. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले, आणि मग उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसांची रीघ लागली. ती आजही संपलेली नाही.

ही माणसं बहुतेक एकटी येतात. बायकामुलं गावी. एका खोलीत दहा-बारा जण. मागाची पाळी बारा तासांची, एक दिवसाची आणि एक रात्रीची. म्हणून खोलीतली एकच चटई दोघांना पुरते. एक उठला की दुसरा आडवा होतो. जेवण बिस्सीत. बिस्सी म्हणजे आपली पैशांची भिशी नव्हे बरं का! बिस्सी म्हणजे खाणावळ. महिन्याचे पैसे भरायचे, दोन वेळ जेवायचं. खोलीत चूल नाही. स्टोव्ह ठेवायला जागाही नाही.

आता हे डोक्यात ठेवून असरच्या नमाजनंतर, म्हणजे उन्हं उतरल्यावर, माझ्याबरोबर तीनबत्तीच्या मंडईकडून शांतीनगरपर्यंत चालत या. रस्त्याच्या दोन्ही कडांना हातगाड्या लागलेल्या असतात. खजुराच्या राशी. इराणचा किमिया डब्यात, इराकचा जाहिदी उघडा, कलमी जरा उंच जागी, आणि अजवा आत, दुकानदाराच्या हाताजवळ. कापलेलं कलिंगड, पपई. हरभऱ्याच्या उसळीचे ढीग. त्यावर कांदा आणि लिंबू. कांदाभजी, बटाटाभजी, समोसे. गुलाबी सरबताच्या बादल्या, त्यात सब्जा आणि बर्फ. इथे एक गोष्ट नीट बघा. यातलं काहीही घरी नेऊन शिजवायचं नाही. पिठं नाहीत, डाळी नाहीत, मसाले नाहीत. सगळं तयार. कागदाच्या पुडीत बांधायचं, मशिदीच्या पायरीवर किंवा मागाच्या दारात वर्तमानपत्र पसरायचं, चौघांनी चार पुड्या त्यावर ओतायच्या आणि अजानची वाट बघायची. मग एक खजूर तोंडात, आणि मग बाकीचं.

मोहम्मद अली रोडचा बाजार जिभेचा आहे. आमचा बाजार चुलीच्या जागी उभा आहे. तो नसेल, तर हजारो माणसांचा रोजा नुसत्या पाण्यावर सुटेल.

रात्रीचा बाजार वेगळा. तरावीहची नमाज आटोपली की भजीवाले जातात आणि खाजला-फेणीवाले येतात. खाजला म्हणजे मैद्याच्या पापुद्र्यांची तळून फुगवलेली मोठी पुरी, हाताच्या पंजापेक्षाही मोठी. फेणी म्हणजे केसासारख्या बारीक तारांची तळलेली गुंडी. दोन्हींचे मनोरे काचेमागे रचलेले असतात. हे पहाटेच्या सहरीचं खाणं. वंजारपट्टी नाक्याजवळच्या एका फेणीवाल्याला मी विचारलं, ‘‘इतकी फेणी खपते कशी? घरोघरी तर पराठे होतात.’’ तो पिशवी बांधता बांधता म्हणाला, ‘‘चाचा, जिसके पास घर है वो पराठा खाए. इसको चूल्हा नहीं लगता. दूध डालो, हो गया.’’ मी कविता लिहिणारा माणूस. एवढ्या थोड्या शब्दांत एवढं सांगायला मला जमलेलं नाही.

फेणीशेजारी नानखटाई. बेकरीवाले रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत नानखटाईच्या मागे लागतात. बाया घरून तूप, साखर, मैदा, रवा मोजून आणतात आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडून भट्टीत भाजून घेतात. ट्रेवर खडूने नाव लिहिलेलं असतं, नाहीतर अदलाबदल होऊन भांडणं. या शब्दाची एक गंमत आहे. फारसीत ‘नान’ म्हणजे भाकरी आणि ‘खता’ म्हणजे चीन. तेव्हा नानखटाई ही चिनी भाकरी, असं एक मत कोशात सापडतं. आणि ईदच्या आमच्या ताटात दुसरीही एक वस्तू चीनचं नाव मिरवते, ती म्हणजे चायना ग्रास. समुद्रातल्या शेवाळाच्या त्या पारदर्शक पट्ट्या भिजवून, उकळून, साखर-दुधात मिसळून थाळीत ओततात आणि थिजल्यावर शंकरपाळ्यासारख्या कापतात. रोजा सोडताना घशाला इतकं थंड दुसरं काही नाही.

आमच्या घरी अम्मा ‘बाजारचं’ हा शब्द शिवीसारखा वापरायची. तिच्या राज्यात ईदच्या शेवया उन्हाळ्यात खाटेवर वाळवलेल्या असत, शेजारच्या काकू आणि ती मिळून साच्याचा दांडा फिरवत. तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या रसातलं सांदण वाफेवर फुलायचं. काकूंच्या घरी सांदण म्हणजे फणसाच्या रसातलं. शब्द एक, टोप दोन. आणि ईदच्या सकाळी शीरखुर्मा. फारसीतला ‘शीर’ आणि संस्कृतातला ‘क्षीर’ ही एकाच घराण्यातली भावंडं, त्यामुळे आपली खीर आणि हा शीरखुर्मा नात्यातलेच. खुर्मा म्हणजे खजूर. तो अरबस्तानातला, आणि त्यावर घालायची चारोळी आपल्या विदर्भाच्या, मध्य भारताच्या रानातली. अम्मा चारोळी मोजून घालायची. महाग म्हणून नव्हे, खवट निघाली तर सगळं दूध जातं म्हणून.

अम्माचा अभिमान मला कळतो. पण तो चूल असलेल्या बाईचा अभिमान होता. घरच्या चवीचं कौतुक करणारे आपण सगळे एक गृहीत धरतो की माणसाला घर असतं. भिवंडीत ते गृहीत धरता येत नाही.

हे मला फितऱ्यावरून फार जाणवतं. ईदच्या नमाजपूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबाला द्यायचं दान म्हणजे फितरा. उद्देश असा, की ईदच्या दिवशी कुणी उपाशी राहू नये. आम्ही कोकणी शाफई पंथाचे. आमच्यात धान्यच द्यायचं, माणशी अडीच-तीन किलो तांदूळ. उत्तरेकडचे विणकर हनफी. त्यांच्यात माणशी पावणेदोन-दोन किलो गहू, किंवा तेवढ्याची रोख रक्कम चालते. कोणतं मत बरोबर, हे सांगणारा मी कोण? पण ज्याला चूल नाही, त्याच्या हातावर तीन किलो तांदूळ ठेवून तो काय करणार? आमच्या मोहल्ल्यातले काही जण आता तांदूळ बिस्सीवाल्याकडे पोचवतात. तो शिजवतो. धान्यही दिलं गेलं, ताटही वाढलं गेलं. ज्या कुणाला हे पहिल्यांदा सुचलं, त्याला फिकह आणि भूक दोन्ही कळत असणार.

२०२० साली बाजार भरलाच नाही. रमजान सुरू झाला २५ एप्रिलला, आणि टाळेबंदीला तोवर महिना झाला होता. माग बंद, बिस्सी बंद, हातगाड्या बंद. ज्यांच्या घरी चूल होती त्यांनी डाळ-भातावर रोजे सोडले, मुलांना त्यात मौजही वाटली. ज्यांना नव्हती, त्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. नाशिक महामार्गावरून माणसं चालत निघाली. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली, तेव्हा रमजानचा पहिला पंधरवडा चालू होता. सगळे म्हणाले, काम गेलं म्हणून माणसं गेली. खरंच आहे. पण काम नसताना माणूस चार दिवस तग धरतो तो अन्नाच्या आधारावर, आणि या माणसांचं अन्न रस्त्यावर होतं. रस्ता बंद झाला तेव्हा त्यांचं स्वयंपाकघरच बंद झालं. त्या वर्षी २५ मे रोजी ईद झाली. आमच्याकडे शीरखुर्मा झाला. वाटायला डबे भरले आणि खाली उतरलो, तर समोरच्या चाळीत डबा घ्यायला कुणी नव्हतं.

बाजार परत आला. कधी जोरात, कधी मंद. मागाला मंदी असली की खजूर पाव किलोऐवजी दहा रुपयांचा मागितला जातो. पण २०२५ ची चांदरात मात्र सांगण्यासारखी. हिजरी वर्ष चांद्र, दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं. माझ्या वयात रमजानने सगळे ऋतू एकदा पुरे फिरून दुसरा फेरा धरला आहे. तर त्या वर्षी फिरत फिरत ईद आली ३१ मार्चला आणि आदल्या दिवशी, रविवारी, गुढीपाडवा. पाडव्याच्या संध्याकाळची जी कोर, तीच ईदची कोर! पद्मानगरात त्याच दिवशी उगादी. सकाळी मंडईत कडुलिंबाचे डहाळे, झेंडू, साखरेच्या गाठी. तेलुगू बायका कैरी, नवी चिंच, गूळ आणि कडुलिंबाचा मोहर घेत होत्या, उगादीच्या पच्चडीसाठी. दुपारनंतर त्याच फळ्यांवर बनारसी शेवया आल्या. गाठ्या विकणाऱ्याने उरलेल्या गाठ्या बाजूला सारून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मांडल्या. एका गाडीवर तर दोन्ही होतं, आणि एक पोरगा त्याच्या अब्बाकडे शेवयांऐवजी गाठीचा हट्ट धरून बसला होता. मिळाली त्याला. सात वाजून गेल्यावर गच्चीवरून ‘चाँद, चाँद’ असा ओरडा झाला आणि सगळा बाजार एकदम मान वर करून उभा राहिला. भाव करणारेसुद्धा.

चांदरातीचं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. गावी जाणारे रमजानच्या शेवटच्या आठवड्यातच निघालेले असतात. फेणीचे खोके दोरीने बांधून, डोक्यावर घेऊन कल्याण स्टेशनवर. फेणी फार नाजूक. जनरल डब्यात दीड दिवस ती मांडीवर धरून बसावं लागतं, नाहीतर पोचेपर्यंत भुगा. चांदरातीला उरतात ते न गेलेले. कुणाची उचल फिटलेली नसते, कुणाला तिकीट मिळालेलं नसतं, कुणी नवा असतो आणि पहिल्याच वर्षी रिकाम्या हाताने गावी जायला लाजतो. त्यांच्यासाठी ईदचा दिवस सगळ्यात अवघड. कारण ईदला बाजारच नसतो. हातगाडीवाल्यालाही ईद असते, बिस्सीवालाही आपल्या पोरांत असतो. तीस दिवस ज्या रस्त्याने जेवू घातलं, तो सकाळी नमाज सुटल्यावर धुऊन ठेवल्यासारखा रिकामा. ज्याला कुणी घरी बोलावलं तो जातो. मोहल्ल्यात बोलावणारे असतात, पण खोल्या फार आणि घरं थोडी.

म्हणून ही मुलं चांदरातीलाच खाजला घेऊन ठेवतात, एकेक किंवा दोघांत एक. मध्यरात्रीनंतर वंजारपट्टीच्या फेणीवाल्याकडे रांग लागते ती त्यांची. तो प्रत्येकाला खाजला देताना न विसरता सांगतो, ‘‘दूध अभी ले लेना, सुबह नहीं मिलेगा.’’