स्टिअरिंगची टकटक आणि टाय रॉड एंड

आज कोड नाही, ग्रीस.

मी सध्या कोयनानगरला, वर्क फ्रॉम होम. घरची जुनी अल्टो घेऊन बाबा कुंभार्ली घाटातून चिपळूणला ये-जा करतात. ते म्हणाले, "खड्ड्यात पुढून टकटक येतंय रे, आणि स्टिअरिंग सैल लागतंय." सपाट रस्त्यावर माणूस हे चालवून घेतो, घाटात नाही. टाय रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, वाटीत बसवलेला गोळा. वाटी फार झिजून गोळा निसटला, तर तुम्ही स्टिअरिंग फिरवाल, पण ते चाक ऐकणार नाही.

आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जॉइंटवरचं रबर फाटलं की पाणी-चिखल आत, ग्रीस बाहेर. मग गंज.

आधी तपासणी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे मी दोनदा सांगेन. आता चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. बाबांनी हलवलं, मी जॉइंटवर बोट ठेवलं. डावीकडचा गोळा बोटाखाली चक्क टिकटिक करत होता. वर-खाली धरून हललं तर मात्र खालचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघा. ते काम मी घरी करत नाही, गॅरेजला देतो.

चाक काढलं. लॉक नट जेमतेम सैल केला. मग स्प्लिट पिन काढली आणि कॅसल नट, म्हणजे बुरुजासारख्या खाचांचा नट, थोडा सोडला. पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. जॉइंट निसटला तर तो नट अडवतो. आता हातोडा बोल्टच्या टोकावर नाही, बोल्ट ज्या भोकात अडकलाय त्या आर्मच्या बाजूवर. चार-पाच दणक्यांत सुटला. नटाबरोबर बोल्टही फिरायला लागला, तर टॉमीने जॉइंट भोकात दाबून धरा.

जुना एंड काढताना फेरे मोजा. हा तुमचा बॅकअप. माझे साडेअठरा आले, मोबाईलमध्ये लिहून ठेवले. नवा तेवढेच फेरे आत. जुना-नवा शेजारी ठेवून लांबीही बघा, फरक असेल तर फेऱ्यांचा हिशोब चुकतो. कॅसल नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळा. भोक जुळत नसेल तर अजून थोडा आवळायचा, सैल करून जुळवायचं नाही. पिन नवीनच. लॉक नट शेवटी.

टकटक गेली. पण फेरे कितीही नीट मोजा, अलाइनमेंट अंदाजेच असते. म्हणून घाटाकडे न वळता हळूहळू थेट कराडला, मशीनवर. हे टाळलं तर नवे टायर एका बाजूने घासून जातात, आणि टायरची किंमत एंडच्या कितीतरी पट. बाबा चिपळूणला गेले ते त्यानंतर.

उजवीकडचा एंड अजून घट्ट आहे, पण रबराला चीर दिसतेय. तो पावसाच्या आधी बदलणार. चला, भेटू पुढच्या भागात.