हिशेब वेदनेचा हवा



मुलांच्या शस्त्रक्रियेत मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी ओपिऑइड औषधे कमी करता येतील का? माझे उत्तर ‘हो’ आहे, पण एका अटीवर.

आधी थोडा इतिहास. 1980च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अनेक ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू सैल करणारे औषध एवढ्यावरच शस्त्रक्रिया होत. 1987 मध्ये, इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि गुंतागुंतही कमी. बाळाचे दुखणे आपल्या शास्त्राने गांभीर्याने घेतले, त्यात ओपिऑइडचा मोठा वाटा आहे. ते कमी करताना एवढे भान ठेवू.

मग कमी करायचे कशासाठी? टॉन्सिलमुळे झोपेत श्वास अडकणारी मुले नेहमीच्या मात्रेनेही गुंगतात, श्वास मंदावतो. काही मुलांच्या यकृतात कोडीनचे मॉर्फिन फार झपाट्याने होते. त्यातून मृत्यू झाले, तेव्हा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये 12 वर्षांखालील मुलांच्या वेदनेसाठी कोडीन व ट्रॅमाडॉल दोन्ही निषिद्ध ठरवली. उलट्या, खाज, लांबलेली सुस्ती यांचा अनुभव तर आपल्या प्रत्येक रिकव्हरी रूमला आहे.

पर्याय आपल्या हातात आहेत. हर्नियाच्या मुलाला कॉडल ब्लॉक द्या. 0.25 टक्के बुपिवाकेन किलोमागे 1 मिली, म्हणजे 2.5 मिलिग्रॅम. हीच कमाल मर्यादा. म्हणून वजन अंदाजाने नव्हे, काट्यावर करा. सर्जन जखमेतही तेच औषध भरणार असतील, तर सुरी लागण्यापूर्वी बोलून घ्या. 20 टक्के लिपिड इमल्शन थिएटरमध्ये हाताशी असू द्या. ब्लॉक चार-सहा तासांत उतरतो. तो उतरण्याआधीच पॅरासिटामॉल सुरू व्हायला हवे, किलोमागे 15 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, घड्याळ बघून. ‘दुखल्यास द्या’ एवढेच केसपेपरवर लिहिले, की मूल रडेपर्यंत औषध पोहोचत नाही.

टॉन्सिलसाठी असा सोपा ब्लॉक नाही. तिथे सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाचे काम पाहण्यासारखे आहे. त्यांनी डे-केअर केंद्रात मॉर्फिनऐवजी डेक्समेडेटोमिडीन आणि आयब्युप्रोफेनसारखी औषधे टप्प्याटप्प्याने आणली, आणि प्रत्येक टप्प्यावर मुलांच्या वेदनेची नोंद ठेवली. मला त्यातली नोंदच अधिक महत्त्वाची वाटते.

आता माझी अट: गरज पडेल तेव्हा ओपिऑइड हाताशी असलेच पाहिजे. अमेरिकेत घरोघरी उरलेल्या ओपिऑइडच्या गोळ्या ही चिंता आहे. आपली परिस्थिती निराळी. 1985च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची एवढी गुंतागुंत केली, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी अनेक कपाटे अजून रिकामीच आहेत. ज्याच्याकडे मॉर्फिनच नाही, त्याने ‘आम्ही ओपिऑइडमुक्त’ असा फलक लावण्यात कसले कौतुक? ब्लॉक फसला, छाती उघडावी लागली, भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग करायचे आहे, अशा वेळी ओपिऑइड मिळालेच पाहिजे, आणि ते देताना हात कचरता कामा नये. तिथे काटकसर केली, तर किंमत मूल मोजते.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. प्रत्येक निवासी डॉक्टरला कॉडल आणि अल्ट्रासाऊंडवरचे ब्लॉक देखरेखीखाली शिकवा. बोलता न येणाऱ्या मुलाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे यांवरून शून्य ते दहा गुण देणारी ‘फ्लॅक’ पद्धत वॉर्डमधल्या सिस्टरना शिकवा, आणि तो आकडा नाडी-तापाच्या तक्त्यातच लिहिला जाऊ द्या. तिसरे, मॉर्फिनचा परवाना घ्या.

ओपिऑइडची मात्रा वाचवली, तर त्याच ओळीत त्या मुलाचे वेदनेचे गुण लिहा. पुढच्या अधिवेशनात असे तक्ते घेऊन या. ओपिऑइड किती वाचले, ते आपण त्यावरूनच ठरवू.