संगणकाच्या घड्याळाची स्मृती



संगणक बंद असला तरी त्यातील घड्याळ नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीवर चालत राहते. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटी संगणकात घड्याळाच्या चिपमध्ये ६४ बाइटांची स्मृती होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळाचे व उरलेले ५० यंत्राच्या मांडणीच्या नोंदींसाठी. पुढे अनेक संगणकांत ही जागा २५६ बाइटांपर्यंत वाढली.

संगणक सुरू करताच जुनी तारीख दिसली, तर आधी बॅटरी बदलावी. दाखल्यावर तारीख चुकली, तर हेलपाटे शेतकऱ्यालाच पडतात.

नव्या बॅटरीनंतरही मांडणी वारंवार पुसली जात असेल, तर दोष निराळा असू शकतो. निर्मात्याने राखून ठेवलेल्या बाइटात कार्यप्रणाली आपली नोंद करते, मग बेरजेचा ताळा जुळत नाही आणि संगणक मूळ मांडणीवर परततो. मॅकओएस परक्या संगणकांवर चालविणाऱ्यांना हा अनुभव आला. (ॲपलच्या परवान्यात तशी मुभा नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.) त्यांची शोधरीत मात्र शिकण्याजोगी आहे. प्रथम सर्व २५६ बाइटांत लिहिण्यास मनाई करावी. दोष थांबला, की मनाई निम्म्यांवर, म्हणजे १२८ बाइटांवर आणावी. दोष परतला, तर सदोष बाइट मोकळ्या सोडलेल्या निम्म्यात आहे. दोष एकाच बाइटात असल्यास, असे निम्मे करीत आठ चाचण्यांत तो सापडतो. शेवटी मनाई तेवढ्या बाइटापुरतीच ठेवावी. सरसकट ठेवल्यास संगणकाला दीर्घ निद्रेतून जागे करणाऱ्या नोंदीही अडतात.