पाळण्यातलं नाव, हाकेचं नाव

पुण्याच्या नारायण पेठेतला केसरीवाडा म्हटला की ओठांवर येतं ते लोकमान्य टिळक हे नाव. पण १८५६ साली रत्नागिरीत पाळण्यात त्यांचं नाव ठेवलं होतं केशव. घरात हाक मारायचे 'बाळ'. पुढे ते पुणेकरांचे बळवंतराव झाले आणि मग देशाचे लोकमान्य. तरी १९१५च्या 'गीतारहस्या'वर नाव छापलं गेलं ते बाळ गंगाधर टिळक! एवढ्या मोठ्या ग्रंथावर घरातली हाक टिकून राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांच्या पत्नीचं नाव मात्र १८७१ मध्ये लग्नात बदललं. माहेरची तापी सासरी सत्यभामा झाली. तेव्हा ही निवड मुलीची नसे.

श्रोतेहो, आपल्या आजी-पणजीचं माहेरचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा.