चिरलेल्या लाकडाचे रंगीत सांधकाम
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



कातलेल्या वाडग्यास चीर पडली की आपण तो चुलीत घालतो, किंवा भुसा व सरस भरून चीर लपवितो. हे दुसरे मला अधिक गैर वाटते. लेथवर असा वाडगा फुटून कारागिराच्या तोंडावर येतो.

वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे. म्हणून ते चिरते. ओलेपणी भरलेली चीर व्यर्थ, शेजारी दुसरी फुटते. पुरते वाळवून, चीर साफ करून, मागून चिकटपट्टी लावून, हार्डनर मिसळलेली निळी वा काळी इपॉक्सी ओतावी. ती पूर्ण कडक झाल्यावरच, नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारा मास्क लावून, कातावे. लाकडाच्या रंगाची इपॉक्सी मी वापरीत नाही; गिऱ्हाइकास चीर दिसलीच पाहिजे.